दगडात लाकूड, हाडात धातू

कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहिलंय? दगडी छताखाली लाकडी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या! इतका सहवास, तरी दगड दगडच राहिला आणि लाकूड लाकूडच. मग पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवलेल्या धातूच्या स्क्रूला हाड आपलंसं कसं करतं?

हे कळलं तेही अवचित. 1952 च्या सुमारास स्वीडनमध्ये संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर काढायला गेले, तर ते निघेना! हाड त्याला घट्ट बिलगलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. ते त्याला चाळीस वर्षं, अखेरपर्यंत पुरले.

गुपित काय? हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, केसाहून हजारो पट पातळ. शरीर त्याला परकं मानत नाही. हाडाच्या पेशी येतात आणि त्याच्या अंगावरच नवं हाड रचतात. आणि हाच धातू कार्ल्याच्या काळ्या कातळातही अंशाअंशाने मुरलेला आहे!

असा दात बसवायचा तर तुमच्या वाट्याला काय येतं? आधी स्कॅन: हाड किती उंच, किती रुंद, नस कुठून जाते. मग बधिर करायचं इंजेक्शन. ड्रिल फिरताना गार पाणी सोडत राहतात, कारण हाड मिनिटभर 47 अंशांवर तापलं तरी त्याला इजा होते. कडकडीत अंघोळीचं पाणीही जवळपास तेवढंच असतं! दोन-तीन दिवस सूज, मऊ भात, आणि मग थांबणं.

किती? साधारण तीन ते सहा महिने. मावळात इंद्रायणी भाताची लावणी झाली की कापणीपर्यंतही जवळपास तेवढेच दिवस जातात. लावलेलं रोप आधी पिवळं पडतं, मग मूळ धरतं. स्क्रूचंही तसंच! पहिल्या काही आठवड्यांत त्याची पकड थोडी सैलावते. जुनं हाड झिजतं, नवं भरत जातं. डॉक्टरांचं काम तासाभराचं, खरी मेहनत तुमच्या हाडाची. म्हणून या दिवसांत तंबाखू, सिगारेट नको आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. स्क्रू हाडात रुजला की वर दात चढतो. पुढे रोजची स्वच्छता मात्र चुकवायची नाही.

एक गोष्ट तेवढी परत मिळत नाही. खरा दात बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. भातातला कणभर खडा त्याला लगेच कळतो. खुंटाला ती झोळी नाही. तरीही मेंदू शिकतो! चावताना बसणारा दाब हाडातून पोचतो, आणि हळूहळू खड्याची खबर हाडच देऊ लागतं.