पागलखान्यापासून १४४१६पर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला लागूनच महागाव तालुका. त्यातलं चिलगव्हाण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं ते एका तारखेमुळे. १९ मार्च १९८६ रोजी तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत पुसदच्या कॉलेजांत शिकायला आलेली कितीतरी मुलं नापिकीच्या, कर्जाच्या घरांतली. तेव्हा इथे मनाच्या आजाराबद्दल बोलताना एक गोष्ट आधीच बजावली पाहिजे. कापसाचा भाव आणि सावकाराचं व्याज यांचं खापर कुणाच्या मनाच्या दुबळेपणावर फोडणं हा अन्याय आहे. पण त्या घरातल्या पोराला रात्र रात्र झोप नसेल, तर ती त्याला परत मिळायलाच हवी.

नव्वदच्या दशकात इकडे मनाचा डॉक्टर म्हटला की डोळ्यांपुढे यायचा तो नागपूरचा पागलखाना. १८६४ सालचं ते मनोरुग्णालय विदर्भाच्या बोलण्यात शिवीसारखं वापरलं गेलं. मुलगा वर्गात येईनासा झाला, एकटाच पुटपुटू लागला, तर आधी बाहेरची बाधा बघायची, मग अंगारा आणि शेवटी ‘लग्न लावून द्या, सुधारेल’. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९मध्ये सुरू झालं. पण तिथल्या ओपीडीत ओळखीचं कुणी भेटलं तर, ही धास्ती आजाराहून मोठी. बहिणीची सोयरीक मोडेल, हे आईवडिलांचं भय तर अगदी खरं होतं. कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं जाई, स्किझोफ्रेनियाची लक्षणं परीक्षेपुरती पाठ होत आणि त्याच वर्गात एखाद्याला ‘मेंटल’ म्हणून चिडवणंही चालू राही. माहिती होती, ओळख नव्हती.

ती ओळख थोडीफार करून दिली सिनेमाने. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४चा. त्यात अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष पाहताना रुग्ण हा हसण्याचा विषय न राहता कुणाचा तरी भाऊ झाला. पुढे याच जोडीच्या ‘कासव’ने नैराश्यातल्या तरुणाची गोष्ट सांगितली, २०१७मध्ये त्याला सुवर्णकमळ मिळालं.

२०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं गुन्हा ठरलं. हे कलम राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावोगाव वाचून दाखवावं, इतकं महत्त्वाचं आहे.

खरा धडा मात्र कॉलेजांना गावांनी दिला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं, लोकांच्या भाषेत बोलायला लावलं. अठरा महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७मध्ये हे ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आलं. २०१५पासून सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आपल्या जिल्ह्यातल्या आशाताईही शेतकऱ्यांच्या दारात जाऊ लागल्या. झोप लागते का? जेवण जातं का? कशातच मन लागत नाही, असं होतं का? ओसरीवर बसून, चहा घेता घेता विचारलेले हे साधे प्रश्न. त्यात ‘वेड’ कुठेच नाही. आशाताईंचीच मुलं पुढे आमच्या वर्गांत येतात, आणि आईने विचारलेले प्रश्न त्यांच्या कानांवर आधीच पडलेले असतात. कोऱ्या पाटीवर लिहायचं नसतं, हे शिकवणाऱ्याचं केवढं भाग्य!

या मानाने १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाची पोस्टर स्पर्धा मला निराश करते. तोच काळा कागद, डोकं धरून बसलेली आकृती, भोवती साखळ्या. गोळी घेऊन सकाळची एसटी पकडणारा, प्रॅक्टिकल पूर्ण करणारा विद्यार्थी कुणीच काढत नाही. जगभरच्या अभ्यासांतून दिसलेलं असं की किशोरवयात नीट शिकवण्याचा चांगला उपयोग होतो आणि मोठ्यांची अढी सुटते ती बऱ्या झालेल्या माणसाला समोरासमोर ऐकल्यावर. कॉलेजचं पोर या दोन्ही वयांच्या उंबरठ्यावर असतं. त्याला दोन्ही द्यायला हवं, आणि आपण वर्षानुवर्षं फक्त भाषण देत आलो.

कायदे झाले. २०१८च्या मे महिन्यात मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे आरोपी म्हणून न पाहता तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला त्याने सांगितलं. १० ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं.

आता समुपदेशन कक्षाची पाटी लागेल. ती प्राचार्यांच्या केबिनशेजारी, फी भरण्याच्या रांगेसमोर लावू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाची एखादी खोली द्या, जिथे मुलगी पुस्तक बदलायला म्हणून जाईल आणि कुणी मान वळवून बघणार नाही.