मुक्कामाची छायाचित्रकला

ठाण्याहून कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा अंजूरफाट्याकडे जाणारा जो जुना रस्ता आहे, त्याच्या दोन्ही अंगांना आज गोदामांची रांग लागलेली आहे, आणि दूरदूरच्या ग्राहकांनी मागविलेला माल त्यांच्या दारी पोहोचण्यापूर्वी कित्येकदा याच पट्ट्यातील एखाद्या गाळ्यात विसावून पुढे जातो. परंतु ज्या पूर्णा गावाचे नाव मालाच्या पावत्यांवर आणि वाहतुकीच्या बिलांवर इतक्या वेळा उमटते, त्या गावाचे मुखदर्शन घडविणारे छायाचित्र मात्र सहसा कोणाच्या पाहण्यात येत नाही. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी आपला साठा हद्दीबाहेर भिवंडी तालुक्यात ठेवण्यास प्रारंभ केला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर येऊन जकात संपुष्टात आली तरी मोक्याच्या जागेमुळे गोदामे येथेच राहिली, इतकेच नव्हे तर वाढली. भातखाचरांच्या सातबाऱ्यावर ‘बिनशेती’ असा शेरा पडला आणि फेरफाराची नोंदही झाली. पण ज्या माणसांच्या आयुष्यात हा फेरफार घडला त्यांच्या मुद्रेवरची नोंद महसूल खात्याच्या कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. ती नोंद करणे हे छायाचित्रकाराचे काम आहे, आणि महाराष्ट्रातील छायाचित्रकारांची एक परंपरा ते काम कसे करीत आहे, याचा परिचय सामान्य वाचकास व्हावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

या परंपरेचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, तसेच हरिश्चंद्र चिंतामण, यांच्यासारख्या एतद्देशीयांनी ही विद्या त्या आरंभकाळातच आत्मसात केली, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. तथापि त्याच काळात सरकारी आश्रयाने छायाचित्रणाचा जो मोठा उपयोग झाला तो निराळ्या हेतूने झाला. १८६८ ते १८७५ या अवधीत ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने जे आठ खंड प्रसिद्ध झाले, त्यांत या देशातील माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. चित्रातील मनुष्य कोणत्या वर्गाचा आहे हे तेथे आवर्जून सांगितलेले असते, परंतु त्याला काय वाटते हे विचारण्याची गरज कोणास भासलेली दिसत नाही. पुढे स्टुडिओ आले, वृत्तपत्रे आली, स्पर्धा आणि प्रदर्शने आली, आणि छायाचित्र घराघरांत पोहोचले. पण श्रमिक, आदिवासी आणि खेडूत यांच्या वाट्याला बहुधा हेच नमुन्याचे स्थान येत राहिले. आजच्या छायाचित्रकारांपैकी जे खरोखर महत्त्वाचे आहेत, त्यांनी या स्थानालाच हात घातला आहे.

सुधारक ओलवे यांचे उदाहरण प्रथम घ्यावे लागेल, कारण नव्या पिढीतील अनेकांना वाट दिसली ती त्यांच्या कामामुळे. अकोल्याकडून मुंबईत आलेल्या आणि वृत्तपत्रात नोकरी केलेल्या या छायाचित्रकाराने मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे कृष्णधवल छायाचित्रांत टिपले. गटाराच्या तोंडातून कमरेपर्यंत वर आलेला, सर्वांगाला काळा राडा लागलेला कामगार आपण त्यांच्या चित्रात पाहतो, आणि त्याच मालिकेत कामगारांची घरे व कुटुंबेही पाहतो. या दोन दर्शनांच्या मध्ये जे अंतर आहे, त्यातच त्या चित्रांचा सारा आशय साठविलेला आहे, कारण ज्याला समाजाने केवळ घाणीशी जोडून टाकले तो मनुष्य कोणाचा तरी पिता आणि पती आहे, हे त्यावाचून डोळ्यांसमोर उभे राहत नाही. एका दिवसाच्या फेरीत गटाराचे चित्र मिळू शकेल, परंतु घराचे मिळणार नाही. त्यासाठी घरातल्यांचा विश्वास संपादन करावा लागतो, आणि विश्वासाला वेळ लागतो. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गातील आहे. कणकवलीचे इंद्रजित खांबे यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता, संगणकाचा व्यवसाय सांभाळून, स्वतःच छायाचित्रण शिकून घेतले, आणि मुंबईला स्थलांतर न करता आपला जिल्हा हाच आपला विषय ठरविला. दशावतारी मंडळी गावोगावच्या जत्रांतून फिरतात, लिखित संहितेवाचून रात्रभर नाटक उभे करतात आणि आपली रंगभूषा आपणच करतात, हे कोकणात सर्वांस ठाऊक आहे. खांबे यांनी रंगमंचावरील राजाचा थाट तर टिपलाच, पण त्याहून अधिक लक्ष रंगमंचामागे दिले. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारखा स्त्रीभूमिका करणारा नट तोंडाला रंग लावीत बसला आहे, हातात लहानसा आरसा आहे, भुवई रेखताना श्वास रोखलेला आहे, आणि त्या मंद उजेडात पुरुषाचा चेहरा अमुक एका क्षणी स्त्रीचा झाला असे बोट ठेवून सांगता येत नाही, असा हा अवकाश आहे. पुढे त्यांनी आयफोनवर टिपलेली हंपीची छायाचित्रे अ‍ॅपल कंपनीने जगापुढे आणली, यावरून तालुक्याच्या गावी राहून केलेले काम आज कोठवर पोहोचू शकते हे दिसते. पण त्या कीर्तीचे मूळ आपल्या मुलखाशी राखलेल्या इमानात आहे, हे विसरू नये.

तिसरे उदाहरण भिवंडीच्या अगदी नजीकचे आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी भिवंडी, डहाणू आणि जव्हार हे तिन्ही तालुके एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत. डहाणू तालुक्यातील गंजाड हा वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचा परिसर. त्याच गावचे चित्रकार राजेश वांगड यांच्यासह दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून एक संयुक्त काम आरंभिले. गिल यांनी वांगड यांना त्यांच्याच रानात आणि शिवारात उभे करून कृष्णधवल छायाचित्रे घेतली, आणि त्या छापील चित्रांवर वांगड यांनी शाईने, वारली शैलीत, त्या भूमीवर पूर्वी काय घडले आणि कोणत्या कथा तेथे नांदतात ते रेखाटले. कॅमेऱ्याला जे दिसते ते एकाच क्षणाचे असते. तेथे राहणाऱ्या माणसाला मात्र त्याच जागी पूर्वजही दिसतात, आणि तोडलेले अरण्यही दिसते. या चित्रांवर दोघांचाही अधिकार आहे. पुढे जव्हार भागात गिल यांनी असेच आणखी एक काम केले. बोहाड्याच्या उत्सवासाठी देवदेवतांचे मुखवटे घडविणाऱ्या धर्मा कडू यांचे पुत्र सुभाष आणि भगवान कडू, तसेच त्यांच्या समवेतचे कोकणा व वारली कलावंत, यांना त्यांनी रोजच्या जगण्यातील माणसांचे, प्राण्यांचे आणि वस्तूंचे मुखवटे करण्याची विनंती केली. ते मुखवटे घालून गावकरी स्वतःच दुकानात, घरात, रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांची रंगीत छायाचित्रे निघाली. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही ती मालिका २०१७ साली डॉक्युमेंटा या युरोपातील विख्यात प्रदर्शनात मांडली गेली. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना नमुना म्हणून उभे केले जात असे, त्यांच्या वारसांनी येथे आपण कसे दिसावे हे आपले आपण ठरविले, आणि ही उलथापालथ मी छायाचित्रकलेच्या इतिहासातील लहान घटना समजत नाही.

हा विचार केवळ आपल्याकडेच उपजलेला आहे असे नाही. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहर एके काळी जगाला फक्त बॉम्ब, सैनिक आणि जळती वाहने यांच्या बातमीचित्रांतून ठाऊक होते. तेव्हा १९८३ साली तेथे ‘बेलफास्ट एक्स्पोज्ड’ ही संस्था उभी राहिली, आणि शहरात राहणाऱ्या सामान्य माणसांनी काढलेली आपल्याच गल्लीबोळांची छायाचित्रे तिने लोकांपुढे मांडली. आज आयर्लंडमध्ये छायाचित्रकारांच्या नव्या पिढीला जे पाठबळ लाभते, त्यामागे अशा संस्थांनी दीर्घकाळ केलेली मशागत आहे.

बेलफास्टचे हे वृत्त वाचताना भिवंडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. भिवंडी म्हटले की वृत्तपत्रांच्या संग्रहातून १९७० आणि १९८४ च्या दंगलींची चित्रे बाहेर येतात, किंवा एखाद्या कोसळलेल्या इमारतीचे आणि आग लागलेल्या गोदामाचे चित्र येते. परंतु १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना, पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्यांच्या बळावर हेच भिवंडी शांत राहिले, आणि त्या शांततेचे असे एकही चित्र लोकस्मृतीत रुजले नाही, कारण धावत येऊन धावत जाणाऱ्या कॅमेऱ्याला घडलेली दंगल टिपता येते, टळलेली टिपता येत नाही. ती टिपण्यासाठी दंगल टळण्याच्या आधीपासून तेथे मुक्काम हवा.

टिपण्याजोगे येथे अपार आहे. धोट्याच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नाही म्हणून खुणांनी एकमेकांशी संवाद करणारे यंत्रमाग कामगार आहेत. तागे मोजून वहीत उतरविणारा मेहताजी आहे. पूर्णा-काल्हेरच्या गोदामांत रात्रपाळीला खोकी चढविणारी परप्रांतीय तरुण मुले आहेत. आणि वडिलोपार्जित खाचराच्या जागी उभ्या राहिलेल्या गाळ्याचे भाडे घेणारी आगरी कुटुंबे आहेत, ज्यांच्या जुन्या लग्नांच्या अल्बममध्ये मांडवामागे भाताचे हिरवे शेत सहज म्हणून आलेले असेल. कोणी छायाचित्रकाराने मुद्दाम न टिपलेले ते शेत आज या परिसराचा मौल्यवान दस्तऐवज आहे.

म्हणून येथील महाविद्यालयांना, ग्रंथालयांना आणि ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी गावातील जुने अल्बम आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह्ज मालकांच्या संमतीने एकत्र कराव्यात, त्यांच्या प्रती काढून घ्याव्यात आणि चित्रातील माणसांची नावे, जाणती माणसे हयात आहेत तोवर, त्यांच्याकडून लिहवून घ्यावीत. आणि ज्या तरुणांच्या खिशात आज चांगला कॅमेरा असलेला फोन आहे, त्यांनी दूरचे विषय शोधण्यापूर्वी आपल्या गल्लीतील एक कारखाना, एक गोदाम किंवा एक कुटुंब निवडावे, अनुमती मागावी, वर्षभर तेथे जात राहावे, आणि काढलेले प्रत्येक बरे चित्र प्रथम त्या चित्रातील माणसाच्या हाती द्यावे. पूर्णेचे मुखदर्शन जगाला घडवावयाचे असेल, तर ते पूर्णेत राहणाऱ्यांनीच घडविले पाहिजे.