रक्त थांबवताना मज्जारज्जूचे भान

क्षयावरचे औषध पुरते घेऊन बरा झालेला माणूस दहा-पंधरा वर्षांनी एके रात्री खोकता खोकता लालभडक रक्त टाकू लागतो, तेव्हा जुना रोग उलटला, असेच घरच्यांना वाटते. पुष्कळदा तसे नसते. रोगजंतू केव्हाच गेलेले असतात. मागे उरते ती फुफ्फुसातील पोकळी, रुंदावलेल्या श्वासनलिका आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या, फुगून वेड्यावाकड्या झालेल्या धमन्या. दिवसभरात ३०० ते ६०० मिलिलिटर रक्त पडू लागले की जीव धोक्यात येतो. तोही रक्त संपल्यामुळे क्वचितच. श्वासमार्ग रक्ताने भरून रोगी गुदमरतो. केवळ औषधांवर विसंबलेल्या अशा रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक पूर्वी दगावत.

या संकटावर १९७३ साली फ्रान्समध्ये जाक रेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय पुढे आणला. जांघेतील धमनीतून बारीक नळी महाधमनीत न्यायची, श्वासनलिकांकडे जाणाऱ्या धमनीच्या मुखाशी ती लावायची आणि सूक्ष्म कण सोडून ती धमनी आतून बुजवायची. छाती उघडावी लागत नाही; बहुधा पूर्ण भूलही द्यावी लागत नाही. बहुसंख्य रोग्यांत रक्त तेथल्या तेथे थांबते. काहींत ते महिन्या-वर्षाने पुन्हा सुरू होते हे खरे, पण तोवर मूळ विकाराकडे पाहण्यास उसंत मिळालेली असते.

मात्र याच वाटेवर मज्जारज्जूची रसदही असते. मज्जारज्जूच्या पुढच्या भागाला रक्त देणारी एकच लांब धमनी आणि तिला भर घालणाऱ्या मोजक्या शाखा, अशी ही निसर्गाची काटकसर! त्यांतील सर्वांत मोठ्या शाखेला, १८८२ साली तिचे वर्णन करणाऱ्या अ‍ॅडमकीविच यांचे नाव आहे. ती सामान्यतः डावीकडे, छातीच्या खालच्या मणक्यांपाशी निघते. परंतु सुमारे ५ ते १० टक्के माणसांत मज्जारज्जूकडे जाणारी एखादी शाखा उजवीकडच्या अशा धमनीतून फुटते, की जी बरगड्यांना आणि श्वासनलिकेला एकत्रच रक्त पुरवते. कण त्या शाखेत शिरले तर दोन्ही पाय लुळे पडू शकतात, मलमूत्रावरचा ताबा जाऊ शकतो. कधी हे भरून येते, कधी जन्माचे होऊन बसते. या इजेचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत १.४ ते ६.५ टक्के असे नोंदलेले आहे.

हा धोका दैवाधीन मानण्याचे कारण नाही. कण सोडण्यापूर्वी क्ष-किरणांवर दिसणारे द्रव्य सोडून चित्रे नीट पाहिली, तर ही शाखा केसांच्या आकड्यासारख्या वळणावरून ओळखू येते. ती दिसली आणि अतिसूक्ष्म नळी तिच्या पलीकडे सुरक्षित नेता आली नाही, तर हात आवरणे हेच शहाणपण. फार बारीक कण टाळावेत. पहिल्या चित्रात ती दिसली नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. धमनी अर्धवट बुजल्यावर प्रवाह बदलतो आणि लपलेली शाखा तेव्हा प्रकट होऊ शकते. म्हणून मधेमधे पुन्हा चित्रे घेणे आवश्यक ठरते.

प्रश्न उरतो तो संमतीचा. ‘अर्धांगाचे नाव काढले तर नातेवाईक घाबरून नकार देतील,’ हा युक्तिवाद दुबळा आहे. ज्यांच्यासमोर माणूस रक्ताने गुदमरतो आहे त्यांना दोन धोक्यांतला लहान कोणता हे कळते. मात्र दोन्ही धोके त्यांना साध्या मराठीत सांगितले गेले पाहिजेत. रोगी शुद्धीवर असेल तर आधी त्यालाच. कागदावरील छापील मजकुराखाली घाईने घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. उलट, रक्त थोडेच पडत असून औषधाने आटोक्यात येत असेल, तर हा उपाय उतावीळपणे करू नये, हेही त्याच संभाषणात यावयास हवे. आणि सही झाली की विषय संपला असेही नाही. उपचारानंतरच्या पहिल्या काही तासांत पायांत मुंग्या येतात काय, बोटे हलतात काय, लघवी होते काय, हे खाटेपाशी जाऊन पुनःपुन्हा विचारावे लागते.