लोकरीच्या गोळ्याला येवल्याचा बटवा

दोस्तांनो, एक स्वेटर आणि एक सुती रुमाल आणा. स्वेटरची बाही ओढा. ताणली? सोडली की पुन्हा जागेवर! आता रुमाल समोरासमोरच्या कडा धरून ओढा. ढिम्म. तोच रुमाल समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा बरं. अरेच्चा, हा तर ताणला!

सगळी करामत धाग्याच्या वाटेची. स्वेटरमध्ये धागा फासातून फास काढत पुढे जातो. ओढलं की फास लांबट होतात, सोडलं की परत आखूड. मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांच्या खाली-वर जातात. धाग्याच्या रेषेत ओढाल, तर धागा स्वतः फारसा लांबत नाही. तिरपं ओढलं की मात्र धाग्यांमधले चिमुकले चौकोन कलंडतात आणि कापड लांबतं. या तिरप्या दिशेला शिंपीकाका उरेब म्हणतात.

हे लक्षात ठेवा, कारण घरात जे कोणी लोकरीचं विणतं, आजी, बाबा, ताई किंवा तुम्ही स्वतः, त्यांच्यासाठी आपण एक बटवा शिवणार आहोत. गोळा आत बसेल, धागा तोंडातून बाहेर येईल. आणि कापड? नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचं, पैठणीचं!

पैठणीच्या पदरावरचा मोर जवळून पाहिलाय? तो छापलेला नाही, सुईने भरलेलाही नाही. कापड विणता विणताच तो उमटतो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. हिरवा धागा पिसाच्या कडेपर्यंत जातो, तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. पुन्हा पुढची ओळ, पुन्हा तेच. म्हणून तर एकेका पैठणीला कधी काही आठवडे, तर कधी कित्येक महिने लागतात. पारंपरिक पदर उलटून पाहिलात, तर मागेही तसाच नीटस मोर दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे बहुतेक वेळा धागे लोंबत असतात. मला विचाराल तर पैठणीची खरी श्रीमंती जरीत नाही, या मागच्या बाजूत आहे.

म्हणूनच धडधाकट पैठणीला कात्री लावायची नाही! जुन्या साडीचा न विरलेला तुकडा किंवा शिंप्याकडे उरलेलं ब्लाउजचं कापड पुरे. धूपछांव रंगाचं मिळालं तर बहारच. त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. त्यामुळे कापड हललं की कधी हा रंग वर दिसतो, कधी तो. बटव्याला चुण्या पडल्या की ही गंमत आणखी खुलते.

३० बाय २५ सेंटिमीटरचे दोन तुकडे पैठणीचे आणि दोन मऊ सुती अस्तराचे कापा. कापलेल्या कडेला धागे सुटे होतात, म्हणून शिवण कडेपासून दीड सेंटिमीटर आत घाला. अस्तर चुकवू नका. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे खवले असतात आणि जर खरखरीत असते. दोघांची गाठ पडली की लोकर अडकते, पिंजते. वरची कड दुमडून नेफा करा. नाडी मात्र लोकरीचीच, घरी विणलेली. ती ताणली जाते, त्यामुळे तोंड घट्ट आवळता येतं.

खांद्यावर अडकवायला पट्टा हवा? तो कापडाच्या उभ्या धाग्यांच्या दिशेनेच कापा. उरेब कापलात, तर गोळ्याच्या वजनाने पट्टा लांबत जाईल. रुमालाचा प्रयोग आठवतोय ना?

शिवणयंत्रावर बसताना मोठ्या माणसाला सोबत घ्या. कपाटातल्या कुठल्या पैठणीचा तुकडा चालेल, हे मात्र ती ज्यांची आहे त्यांना आधी विचारा.