ऊती, पेशी आणि स्नायू : हृदय-फुप्फुसांच्या विकृतिविज्ञानातील काही संज्ञा

फुप्फुसाच्या ऊतीचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना वायुकोशांत कधीकधी तपकिरी कणांनी भरलेल्या मोठ्या पेशी आढळतात. इंग्रजी संज्ञेचा शब्दशः अनुवाद केल्यास त्यांना ‘हृद्‌विफलता-पेशी’ म्हणावे लागते. वस्तुतः ह्या पेशी हृदयाच्या नव्हेत आणि विफल झालेल्याही नव्हेत. समास तयार होतो. विग्रह मात्र वाचकावर सोडला जातो.

तो विग्रह करण्यासाठी रोगाचा क्रम पाहिला पाहिजे. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा संधिज्वर सांध्यांना सोडतो, पण हृदयाला धरून राहतो. द्विदल झडपेची दले जाड होतात, कडांशी एकमेकांना चिकटतात आणि झडपेचे द्वार अरुंद होते. त्यामुळे डाव्या अलिंदातील रक्त पुरते पुढे सरकत नाही. त्याचा दाब मागे फुप्फुसातील नीलांवर व केशवाहिन्यांवर पडतो. त्यांतून तांबड्या पेशी वायुकोशांत झिरपतात. तेथील भक्षक पेशी त्या गिळतात, आणि रक्तारुणातील लोह तपकिरी कणांच्या रूपाने त्यांच्या पोटात शिल्लक राहते. माक्स पेर्ल्स ह्याने 1867 साली वर्णिलेल्या रासायनिक क्रियेने हे कण निळे होतात आणि लोहाविषयी शंका उरत नाही. व्याधी हृदयात, साक्ष फुप्फुसात, असा हा प्रकार आहे.

‘ऊती’ ह्या शब्दाचे भाग्य अधिक चांगले. फ्रेंच शरीरवैज्ञानिक बिशा ह्याने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याविना शरीरघटकांचे 21 प्रकार मानले व त्यांना ‘विणलेले’ ह्या अर्थाचा फ्रेंच शब्द योजिला. संस्कृत ‘वे’ म्हणजे विणणे, ह्या धातूपासून आलेली ‘ऊति’ त्याच कल्पनेची आहे. (ऋग्वेदात वारंवार येणारी, ‘रक्षण’ ह्या अर्थाची ‘ऊति’ निराळी, ती ‘अव्’ धातूची.) उर्दूतील ‘नसीज’ हा अरबी शब्दही विणण्याचाच. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासकाला ह्या शब्दाचे विशेष अगत्य असावयास हवे. कारण हे शहर औरंगाबाद ह्या नावाने ओळखले जात असताना, 1938 पर्यंत, अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे केंद्र येथेच होते आणि उर्दू शास्त्रीय परिभाषेचा विचार येथे चालत असे. येथे 1956 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा अध्यापनाची भाषा इंग्रजी होती. त्यामुळे दोन्ही परिभाषा वर्गाबाहेरच राहिल्या.

विणकामाची कल्पना केवळ व्युत्पत्तीपुरती नाही. हृद्‌रोहिणी बंद पडल्यावर हृदयभित्तीचा जो भाग मरतो, तो पूर्ववत होत नाही. काही आठवड्यांत त्या जागी तंतुमय व्रण भरतो. सूत व रेशीम ह्यांच्या हिमरूतील रेशीम जाऊन नुसते सूत राहावे, तशी ही स्थिती : कापड फाटत नाही, पण त्याचा गुण गेलेला असतो. व्रण आकुंचन पावू शकत नाही.

ह्या मेलेल्या भागाला काय म्हणावे, येथे खरी अडचण येते. मराठीत ‘पेशी’ हा सजीवाचा सूक्ष्म घटक. सुश्रुताने सांगितलेल्या 500 पेशी मात्र मांसाच्या आहेत, आणि हिंदीतही ‘पेशी’ मांसाचीच. मराठीत मांसाला ‘स्नायू’ म्हणतात, तर बंगालीत त्याच शब्दाचा अर्थ मज्जातंतू असा होतो. ‘हृदयपेशींचा नाश’ हे मराठी वाक्य हिंदीतून आलेल्या विद्यार्थ्याला हृदयाच्या मांसाविषयीचे वाटेल; पुष्कळदा ते तसे असतेही, आणि म्हणूनच ही चूक ध्यानात येत नाही. ‘हृत्स्नायू’ मराठीपुरता निर्दोष आहे. आंतरभारतीय परिभाषेसाठी शब्द बदलण्यापेक्षा प्रथम उल्लेखाच्या वेळी अर्थ सांगणे बरे.

‘हृद्‌विफलता-पेशी’ ह्या संज्ञेला मात्र अर्थ सांगूनही वाचविता येत नाही. फुप्फुसात अन्य कारणाने वारंवार रक्तस्राव झाला, तरी हृदय धडधाकट असताना ह्याच पेशी दिसतात. म्हणजे मूळ इंग्रजी संज्ञाच पुराव्यापेक्षा अधिक बोलते. अहवालात ‘लोहयुक्त भक्षक पेशी’ एवढेच लिहावे; त्या तेथे का आल्या, हा निर्णय झडप पाहून व रुग्णाचा इतिहास विचारून करावयाचा आहे.