जोडीस जोड

१९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशातच राहिलेल्या आणि २०२३ साली पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात एकत्र आलेल्या पांढुर्णा व सौंसर या तहसिलींत, जेथे दफ्तराची भाषा हिंदी असली तरी घरातील आणि शेतातील अंमल आजही मराठीचाच आहे, सरळ रेषेतील शर्यत म्हणजे काय हे कोणास नव्याने समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. पट येथील लोकांच्या परिचयाचा आहे. हलक्या छकड्यास जुंपलेली जोडी, तिच्यामागे धुरकरी, समोर वळण नसलेली धाव आणि शेवटी घड्याळाने सेकंदाच्या अंशापर्यंत दिलेला निवाडा, एवढाच त्या खेळाचा सांगाडा. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद पडल्या. पुढे महाराष्ट्राने कायद्यात केलेली दुरुस्ती १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ग्राह्य धरली आणि सीमेपलीकडच्या विदर्भात शंकरपटांना पुन्हा उघड मान्यता मिळाली.

ज्याने पट पाहिला आहे त्यास अमेरिकेतील ‘ड्रॅग रेसिंग’ हा मोटारींचा खेळ परका वाटणार नाही. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, खांबावरील पिवळे दिवे क्रमाने लागून हिरवा लागतो, आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, किंवा त्याच्या निम्मे अंतर त्या सरळ धावतात. १९५१ साली तेथे स्थापन झालेल्या ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ने या खेळास नियमांची चौकट दिली. आपल्याकडे लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती भरविल्या गेल्या आहेत. परंतु या खेळाचा जो प्रकार सामान्य ऐपतीच्या माणसास सर्वांत जवळचा आहे, तो ‘ब्रॅकेट’ शर्यतीचा. आणि त्याचा न्याय इतका निराळा आहे की तो समजल्यावाचून टायरांविषयी बोलणे व्यर्थ होय.

ब्रॅकेट शर्यतीत प्रत्येक चालक आपली गाडी किती वेळात अंतर कापील हे आधीच लिहून देतो. एकाने १२.५० सेकंद लिहिले व दुसऱ्याने १०.९० लिहिले, तर पहिल्यास १.६० सेकंद अगोदर सोडले जाते, म्हणजे दोघेही आपापल्या शब्दास जागले तर शेवटच्या रेषेवर एकाच क्षणी पोहोचावेत. लिहून दिलेल्या वेळेपेक्षा जो अधिक वेगाने धावतो तो, प्रतिस्पर्ध्याने त्याहून मोठी चूक केली नसेल तर, हरतो. गाडी जुनी असो, मंद असो, तिने आपल्या जबानीशी इमान राखले म्हणजे झाले. उरते ते चालकाचे अवधान. मला हा नियम मोठा सभ्य वाटतो, कारण त्याने पैशाचा माज पुष्कळसा निरुपयोगी ठरविला आहे. मात्र ज्या शर्यतीत विजय सेकंदाच्या शंभराव्या, प्रसंगी हजाराव्या हिश्शावर अवलंबून असतो, तेथे गाडीचा जो भाग सकाळी एक व दुपारी दुसरेच सांगतो तो भाग मालकाचा शत्रू ठरतो. आणि असा चंचल भाग बहुधा टायर हाच असतो.

या शर्यतीतील मागच्या चाकांचे टायर ‘स्लिक’, म्हणजे नक्षीविरहित असतात. रस्त्यावरील टायरची नक्षी पाणी बाहेर फेकण्यासाठी असते. कोरड्या, चिकट केलेल्या पट्टीवर तिचा उपयोग नाही, उलट तिच्यामुळे जमिनीस टेकणारे रबर कमी होते. म्हणून हे टायर गुळगुळीत, रुंद आणि अतिशय मऊ रबराचे करतात. (असे टायर लावून कोणी पावसाळ्यात सिल्लेवानीच्या घाटात उतरण्याचे मनात आणील, तर त्यास आप्तांनी वेळीच आवरावे, ते सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीत.) त्यांत पुन्हा दोन कुळे आहेत. जुन्या कुळात आतील दोऱ्यांचे थर एकमेकांस तिरके छेदून जातात. असा टायर सुटताना कुशीत चुरगळतो, धक्का पोटात घेतो, थोडा घसरला तरी सावरून घेतो. पण वेग वाढला की केंद्रापासून दूर ओढणाऱ्या बलाने फुगतो, त्याचा व्यास वाढतो आणि गियरचे गणित धावता धावता बदलते. दुसऱ्या कुळात, ज्याचे एकस्व फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली घेतले व जे टायर १९४९ पासून विकले, दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ जातात आणि धावेखाली निराळा पट्टा असतो. हे रेडियल होत. भारतात ते १९७७ साली जे. के. टायरने आणले. रेडियल स्लिक फारसा फुगत नाही, लोळताना कमी शक्ती खातो, आणि मुख्य म्हणजे एका फेरीसारखीच दुसरी फेरी देतो. मात्र पट्टी नीट तयार नसेल आणि तो एकदा घसरला, तर त्याची पकड सहजासहजी परत येत नाही. ब्रॅकेटवाल्यास तो भावतो तो त्याच्या एकवचनीपणामुळे.

आता राखीव टायरांचा प्रश्न. आपल्या ट्रकवाल्याची स्टेपनी ही अडचणीची सोय असते. संत्र्यांचा माल नागपूरच्या मंडीत पोहोचविला की तिचे काम संपले, ती रिमोल्ड केलेली असली तरी कोणाची हरकत नसते. शर्यतीतील राखीव टायर असा चालत नाही. पटाच्या दिवशी एका बैलाचा पाय दुखावला, तर जाणता शेतकरी गोठ्यातील सर्वांत वेगवान बैल त्याच्या जागी जुंपीत नाही. उरलेल्या बैलाच्या चालीशी ज्याची चाल जुळते तोच तो आणतो, कारण नाही तर छकडा एका अंगास ओढला जातो. टायरांचेही तंतोतंत तसेच आहे. अधिक नवा, अधिक रुंद, अधिक पकडीचा टायर स्वस्तात मिळतो म्हणून राखीव ठेवणारा मनुष्य आपल्याच लिहून दिलेल्या वेळेशी दावा मांडतो.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, राखीव टायर एकटा न घेता जोडीने घ्यावा, तोही त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, त्याच रबराचा आणि शक्य तर त्याच खेपेतला. एकाच आसावर एक रेडियल व एक तिरक्या दोऱ्यांचा असा संसार कधीही मांडू नये. त्यानंतर घेर मोजावा. आणि येथे टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये, कारण एकाच छापाचे दोन टायर रिमवर चढवून सारखी हवा भरली तरी घेरात फरक पडू शकतो. हिशेब करून पाहा. २८ इंच व्यासाच्या टायरचा घेर सुमारे ८८ इंच, म्हणजे पाव मैलात तो सुमारे १८० वेढे घेतो. घेर एका इंचाने कमी असेल तर वेढे १८२ होतात. इंजिनास तेवढ्याच अंतरासाठी सुमारे एक टक्का अधिक फिरावे लागते आणि लिहून दिलेली वेळ तेथेच डळमळते. दोन मागच्या चाकांच्या घेरांत तफावत असेल तर त्याहून वाईट, कारण या गाड्यांत पुष्कळदा दोन्ही चाके एकत्र जखडलेली असतात व गाडी सरळ जाण्याचेच नाकारते. रिमची रुंदीही दोन्ही जोड्यांस एकच असावी. रुंदी बदलली की टायरचा माथा चपटा किंवा फुगीर होतो.

रबराचे वय ही दुसरी पारख. प्रत्येक फेरीत स्लिक तापतो व निवतो, आणि प्रत्येक तापण्यानिवण्याबरोबर त्याचे रबर किंचित कठीण होते. झीज तपासण्यास माथ्यावर बारीक खळगे दिलेले असतात, पण खळगे शाबूत असूनही टायर कामातून गेलेला असू शकतो. वापरलेली जोडी विकत घेणाऱ्याने कठीणपणा मोजण्याचे सुईचे यंत्र सोबत न्यावे आणि आपल्या चालू टायरांचा आकडा त्याच तापमानात घेऊन मगच तुलना करावी. जुनी जोडी स्वस्त असते हे खरे. पण ज्या जोडीचा आकडा जुळत नाही ती फुकट मिळाली तरी महाग, असे माझे मत आहे.

साठवणुकीच्या बाबतीत आपल्या मुलखाचा उन्हाळा दयाळू नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेला मऊ रबराचा टायर बसल्या जागी म्हातारा होतो. तो काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, ऊन न पोहोचणाऱ्या थंड खोलीत, विजेच्या मोटारी आणि वेल्डिंग यांपासून दूर ठेवावा; त्यांच्या ठिणग्यांतून निर्माण होणारा ओझोन वायू रबरास भेगा पाडतो.

एवढी तजवीज करूनही अगदी कोरी जोडी राखीव ठेवणे शहाणपणाचे नव्हे. साच्यातून निघालेल्या टायरवर साचा सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो, आणि पहिल्या काही फेऱ्यांत तो आपला खरा स्वभाव दाखवीत नाही. म्हणून राखीव जोडी सरावाच्या दिवशी गाडीस लावावी, सुटण्यापूर्वी चाके फिरवून तापवावी (रेडियलला तिरक्या दोऱ्यांच्या टायरपेक्षा हे तापविणे कमी पुरते), चार-दोन फेऱ्या घ्याव्या, आणि हवेचा दाब, घेर, कठीणपणा व प्रत्येक फेरीची वेळ वहीत नोंदवून, फिरण्याची दिशा खडूने दाखवून मग ती गुंडाळून ठेवावी. चालू जोडीच्या त्याच दिवशीच्या वेळा शेजारच्या रकान्यात असाव्यात. दोन्ही रकान्यांत तीन-शतांश सेकंदाचा फरक निघाला तर त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. शर्यतीच्या दिवशी एक टायर फाटलाच, तर दोन्ही उतरवून राखीव जोडी चढवावी आणि लिहून द्यावयाच्या वेळेत तेवढे तीन-शतांश मिळवावेत अथवा वजा करावेत.