स्केलिंगआधीचा आठवडा

दात साफ करून घ्यायला डॉक्टरांची वेळ घेतली की एक शंका हमखास येते: घरून दात घासून जायचं की नाही? ‘ते साफ करणारच आहेत, मग आपण कशाला?’ असं म्हणणारे बरेच. उलट डॉक्टरांपुढे लाज नको म्हणून त्या सकाळी दहा मिनिटं खसाखसा ब्रश चालवणारेही आहेत. माझं उत्तर असं, की घासून जा, पण रोजच्यासारखे, हलक्या हाताने.

दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांतच त्यांवर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो. त्याला जिवाणू चिकटतात, वाढतात आणि मऊ, पांढरट थर तयार होतो. हा प्लाक. 1683 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुक यांनी तो स्वतःच्या दातांवरून खरवडून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. आणि हा माणूस रोज सकाळी मिठाने दात घासणारा होता. प्लाक ब्रशने निघतो. तो राहिला, तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरायला लागतं. दोन दिवसांत निम्मा थर टणक होऊ शकतो, बारा दिवसांत 60 ते 90 टक्के. हेच कीट. खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांवर गालाच्या बाजूला ते जास्त साचतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. कितीही जोर लावला तरी ब्रशने कीट हलत नाही. त्याला स्केलर लागतो. त्याचं टोक सेकंदाला साधारण 25 ते 40 हजार वेळा कंप पावतं आणि कीट तडकून सुटतं.

म्हणजे मऊ थर आपण घरी काढायचा आणि डॉक्टरांचा वेळ कीटासाठी ठेवायचा. सांगलीच्या स्टँडवर भडंग खाऊन किंवा साताऱ्यात कंदी पेढा तोंडात टाकून थेट खुर्चीत बसलं, तर पहिली काही मिनिटं ते काढण्यातच जातात. तासगावचा बेदाणा तर दाढेच्या खाचेत घट्ट बसतो. वाटेत लिंबू पिळलेला उसाचा रस घेतला असेल, तर मात्र लगेच ब्रश करू नका. आम्लाने दाताचं वरचं कवच तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं. नुसती चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या.

आता लाजेचं. 1965 मध्ये डेन्मार्कमधल्या हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणून एका सकाळच्या घासण्याने डॉक्टरांपासून काही लपत नाही. हिरडी सगळं सांगते. जोरात घासलं तर ती सोलवटते, एवढंच. पण आधीचा आठवडा सकाळ-रात्र नीट घासलं, तर सूज उतरते आणि स्केलिंगच्या वेळी रक्तही कमी येतं. खरी तयारी ही. हिरडीखाली खोल कीट गेलेलं असेल, तर तिथे घरच्या ब्रशचं काही चालत नाही.

सातारा-सांगलीकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथल्या खेड्यांतल्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांवर फिरवायची. ‘दात घासलेत का?’ या प्रश्नाला त्या ‘हो’ म्हणतात, आणि त्यांच्या लेखी ते खरंच असतं. पण मिश्री प्लाक नीट काढत नाही. तिने दात काळवंडतात, हिरड्या मागे सरतात आणि निकोटिनची सवय लागते. तंबाखू जिथे रोज टेकते तिथे पांढरा चट्टा उठू शकतो. असे काही चट्टे पुढे कर्करोगाकडे वळतात. दात घासायच्या उत्पादनांत तंबाखू वापरायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर ती बंदी पोहोचली नाही.

म्हणून आई किंवा आजीला घेऊन सांगलीच्या भारती विद्यापीठाच्या किंवा कराडच्या कृष्णा विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात जाणार असाल, तर त्या सकाळी मिश्रीऐवजी मऊ ब्रश त्यांच्या हातात द्या. काळी पूड भरलेल्या तोंडात हिरडीचा खरा रंग दिसत नाही. मिश्रीची सवय मात्र डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, म्हणजे ते ओठाची आणि गालाची आतली बाजूही नीट तपासतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर तेही खुर्चीत बसण्याआधी, वेळ घेतानाच सांगायला हवं.